थायलंडमध्ये छोटा धंदा काढताय? वर्क परमिट आणि थाई कामगारांचे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पट्टायात गाळा बघून ठेवलाय, बँकॉकमध्ये मित्राचा मित्र आहे, नाशिकहून आचारी यायला तयार आहे. बहुतेक चौकशा इथून सुरू होतात. गाळा, मेनू, भाडं, सगळ्याचा हिशेब झालेला असतो, पण एकच आकडा कागदावर नसतो : आपल्या हाताखाली थाई माणसं किती? थायलंडमध्ये छोटा धंदा या आकड्यावर तरतो किंवा बुडतो. म्हणून खालची उत्तरं लांबलेली वाटली तरी एका परदेशी माणसामागे चार थाई कामगार ठेवण्याच्या नियमाचा भाग गाळू नका.

परदेशी माणसाला थायलंडमध्ये स्वतःच्या मालकीचं हॉटेल काढता येतं का?

आपण ज्याला हॉटेल म्हणतो ते, म्हणजे खानावळ, आणि राहायचं हॉटेल, दोन्ही थायलंडच्या परदेशी व्यवसाय कायद्याच्या तिसऱ्या यादीत आहेत. हा कायदा १९९९ सालचा. त्यात तीन याद्या आहेत. पहिलीत भातशेती, जमिनीची खरेदीविक्री, वर्तमानपत्रं वगैरे. तिथे परदेशी माणसाला दारच बंद. दुसरी यादी राष्ट्रीय सुरक्षा आणि कला-परंपरेशी जोडलेल्या धंद्यांची, तिचा छोट्या माणसाशी फारसा संबंध येत नाही. तिसरी यादी मात्र आपल्यासाठीच केल्यासारखी आहे : खाद्यपेयांची विक्री, लहान किरकोळ दुकान, सहल मार्गदर्शन, बांधकाम, हिशेबनीस आणि वकिलीच्या सेवा, आणि शेवटी ‘इतर सेवा’ हे भलंमोठं पोतं. कायदा म्हणतो की या धंद्यांत थाई लोक परदेशी माणसांशी स्पर्धा करायला अजून तयार नाहीत. बँकॉकच्या कुठल्याही गल्लीत जेवून आलेल्या माणसाला खानावळीबद्दलचं हे वाक्य वाचून हसू येईल, पण कायदा तो कायदा.

तिसऱ्या यादीतल्या धंद्यासाठी परदेशी माणसाला लायसन्स मागता येतं. छोट्या खानावळीला ते मिळेल अशा भरवशावर मात्र पैसे अडकवू नका. बहुतेक जण दुसऱ्या वाटेने जातात : निम्म्याहून जास्त भाग (शेअर) थाई मालकीचे असलेली कंपनी काढतात. अशी कंपनी कायद्याच्या नजरेत थाई ठरते.

म्हणजे तेच ते ४९ टक्के?

हो. ज्या कंपनीचे निम्मे किंवा त्याहून जास्त भाग परदेशी लोकांकडे असतील ती परदेशी कंपनी. म्हणून ५१-४९ अशी वाटणी करतात. इथे भांडवलातला वाटा मोजला जातो, मतांचा हक्क नव्हे. त्यामुळे वेगवेगळ्या वर्गांचे भाग ठेवून कारभाराची दोरी ४९ टक्केवाल्याच्या हातात राहील अशी रचना चांगला वकील करून देऊ शकतो. फेब्रुवारी २०२३पासून कंपनी काढायला दोन भागधारक पुरतात, पूर्वी तीन लागत.

निर्यातीचा धंदा आणि स्वतःच्या मालाचं उत्पादन हे बहुतांशी याद्यांबाहेर आहेत, तिथे शंभर टक्के मालकी तुमची राहू शकते. थायलंडमधून माल उचलून मुंबईला पाठवणाऱ्याला खानावळवाल्यापेक्षा ही एक डोकेदुखी कमी.

ओळखीच्या थाई माणसाच्या नावावर ५१ टक्के टाकले तर? सगळे करतात म्हणे.

पुष्कळ करतात, आणि पुष्कळ पकडलेही जातात. पैसे तुमचे आणि नाव त्याचं, याला तिथे नॉमिनी म्हणतात आणि तो गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १ लाख ते १० लाख बाथ दंड किंवा दोन्ही. नाव देणाऱ्या थाई माणसालाही तीच शिक्षा. शिवाय कोर्टाचा आदेश मोडून धंदा चालू ठेवला तर दिवसाला १० हजार ते ५० हजार बाथ दंड वेगळा. २०२४पासून फुकेत, समुई, फांगन या बेटांवर या तपासण्यांचा जोर बराच वाढला आहे. नोंदणीच्या वेळी थाई भागीदाराला त्याच्याकडे खरंच पैसे होते याचे बँकेचे कागद दाखवावे लागतात.

यात कायद्यापलीकडचाही धोका आहे. वकिलाच्या ऑफिसातल्या चपराशाच्या नावावर ५१ टक्के टाकणारा माणूस उद्या भांडण झालं तर कुठल्या तोंडाने कोर्टात जाणार? आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करावा लागेल. खरा भागीदार शोधा, पैसे घालणारा. नाही सापडला तर धंद्याचा प्रकार बदला.

अमेरिकन माणसाची कंपनी पूर्ण त्याच्या नावावर असते. आपल्याला का नाही?

थायलंड आणि अमेरिका यांच्यात मैत्री करार आहे, त्यातून त्यांना ही सवलत मिळते. भारताशी तसा करार नाही.

भांडवल किती लागतं?

कंपनी नोंदवायला फार थोडं. पण परदेशी माणसाला वर्क परमिट हवं असेल तर एका परमिटमागे २० लाख बाथ पेड-अप भांडवल धरतात. कागदावर लिहिलेलं नव्हे, भरलेलं. बाथ अलीकडे अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान असतो, म्हणजे ५० ते ६० लाख रुपये. दोन परमिटं हवी असतील तर ४० लाख बाथ. हे पैसे कुलपात ठेवायचे नाहीत, गाळ्याचं डिपॉझिट, भांडी, फ्रिज, पगार यांवर खर्च करायचे. फक्त आले कुठून आणि गेले कुठे हे हिशेबात दिसलं पाहिजे.

एका परदेशी माणसामागे चार थाई कामगार, हा नियम नक्की कुणाचा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण दोन वेगळी ऑफिसं आहेत आणि दोघांचं बघायचं भिंग वेगळं आहे.

वर्क परमिट देतो कामगार मंत्रालयाचा रोजगार विभाग. तो मुख्यतः भांडवल पाहतो : २० लाख आहेत का, कंपनी खरी आहे का, हे काम परदेशी माणसाने करायचं आहे का. व्हिसाची मुदत वाढवतं इमिग्रेशन, म्हणजे पोलिसांचं खातं. ते माणसं मोजतं. बिझनेस व्हिसावर तुम्ही आत आलात की पहिले ९० दिवस मिळतात. ते संपायच्या आत वर्षभराची मुदतवाढ मागायची असते आणि त्या वेळी एका परदेशी माणसामागे चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. त्यामुळे परमिट हातात आहे आणि व्हिसा मात्र वाढत नाही, अशी त्रिशंकू अवस्था बऱ्याच जणांच्या वाट्याला येते. परमिट मिळालं म्हणून पेढे वाटणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं की अर्धाच डोंगर चढून झाला आहे.

आता यातली खरी मेख. इमिग्रेशनला नुसते चार चेहरे नको असतात. मागच्या साधारण तीन महिन्यांचे त्या चौघांचे सोशल सिक्युरिटीचे (कामगारांच्या सरकारी विमा योजनेचे) भरणे आणि पगारावरच्या कराचे कागद लागतात. म्हणजे चौघांना कामावर घ्यायचं ते तुमच्या व्हिसाच्या अगदी सुरुवातीला, शक्य असेल तर त्याआधीच. गाळ्यात अजून गवंडी काम करत असतो आणि चार माणसांचा पगार सुरू झालेला असतो.

हिशेब करून बघू. बँकॉक, फुकेत आणि चोनबुरी (पट्टाया याच प्रांतात येतं) इथे २०२५ साली किमान रोजंदारी ४०० बाथ झाली. मासिक पगारदाराचे ३० दिवस धरले तर १२,००० बाथ. चौघांचे ४८,०००. त्यावर मालकाचा सोशल सिक्युरिटीचा ५ टक्के वाटा, २,४००. महिन्याला ५०,४००, तीन महिन्यांचे १,५१,२००. पहिली पावभाजी तव्यावर पडायच्या आधी दीड लाख बाथ नुसते पगारात. हा आकडा ज्याच्या कागदावर नाही त्याने गाळ्याचा बयाणा देऊ नये.

या चौघांत कोण कोण धरलं जातं?

थाई नागरिक, पूर्ण वेळ, सोशल सिक्युरिटीत नोंदलेले. म्यानमार, लाओस, कंबोडियाहून आलेले कामगार किचनमध्ये कितीही असोत, या मोजणीत शून्य. रविवारपुरती येणारी मुलगी शून्य. दुसऱ्या कंपनीत आधीच नोंद असलेला माणूस नावापुरता आणाल तर तो सोशल सिक्युरिटीच्या नोंदीतच दिसतो.

काही एजंट ‘चार नावं आम्ही देतो’ म्हणून महिन्याचा भाव सांगतात. इमिग्रेशनचे लोक दुकानात येऊन बघतात, फोटो काढतात, कर्मचाऱ्यांशी बोलतात. ज्या माणसाला मालकाचं नाव सांगता येत नाही तो तुमचा कर्मचारी कसा?

मी आणि माझा आचारी, दोघेही भारतातून येणार. मग?

मग सगळं दुप्पट. भांडवल ४० लाख बाथ, थाई माणसं आठ.

आचाऱ्याचं काम परदेशी माणसाला बंद नाही, त्यामुळे त्याला परमिट मिळू शकतं. प्रश्न परवडण्याचा आहे. वीस टेबलांच्या खानावळीला तशीही आठ-दहा माणसं लागतातच, तिथे हा नियम फारसा बोचत नाही. सहा टेबलांच्या जागेत आठ थाई कर्मचारी म्हणजे गिऱ्हाइकांपेक्षा वाढपी जास्त. अशा वेळी एक परमिट आचाऱ्याला द्यायचं आणि मालकाने भारतात बसून फक्त भागधारक राहायचं, हा मार्ग मोकळा आहे. भागधारक असायला परमिट लागत नाही, काम करायला लागतं. किंवा उलट : मालकाला परमिट आणि थाई स्वयंपाकिणीला सहा महिने शिकवून तयार करायचं. थाई बायका वाटण-फोडणीत आपल्याहून मागे नाहीत, खलबत्ता तिथेही घरोघरी आहे. गोडा मसाला आणि भाकरी थापणं तेवढं शिकवावं लागेल.

सल्लागार, वेबसाइट बनवणारा, छोटा व्यापारी अशा एकट्या माणसाला मात्र हा चारचा नियम सगळ्यात जड जातो. त्याला कामच दोन माणसांचं असतं आणि ठेवायची चार.

मला स्वतःला पगार घ्यावाच लागतो का?

घ्यावा लागतो, आणि किती ते नागरिकत्वावरून ठरतं. व्हिसा वाढवताना इमिग्रेशन देशांचे गट करून किमान पगार बघतं. युरोप, अमेरिका, जपानवाल्यांना महिना ५०,००० बाथ, भारतीय माणसाला ३५,०००. नोकरीच्या कागदावर तेवढा पगार हवा आणि त्यावर करही भरलेला हवा. ३५,००० पगारावर नेहमीच्या वजावटी धरून कर वर्षाला पाच हजार बाथच्या आसपास बसतो, तो वाचवायला पगार कमी दाखवणं हा शुद्ध वेडेपणा.

परमिट येईपर्यंत दुकानात उभं राहिलं, सामान लावलं, तर चालतं?

नाही. पैसे घेतले नाहीत, स्वतःचंच दुकान आहे, नुसता मदत करत होतो, यातलं काहीही बचाव म्हणून चालत नाही. विनापरमिट काम केलं तर ५,००० ते ५०,००० बाथ दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढे दोन वर्षं परमिट नाही. ठेवणाऱ्या मालकाला माणशी १० हजार ते १ लाख. दुसऱ्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत तुरुंग आणि तीन वर्षं परदेशी माणूस ठेवायला बंदी.

व्हिसाशिवाय मिळणाऱ्या पर्यटक प्रवेशावर जागा बघणं, वकिलाला भेटणं, करार वाचणं इथपर्यंत ठीक. गिऱ्हाइकाला मेनूकार्ड दिलंत की काम सुरू झालं.

बायको गल्ल्यावर बसली तर?

आपल्याकडे हा प्रश्नच पडत नाही, दुकान घरचंच असतं. थायलंडमध्ये नवऱ्याच्या व्हिसावर आश्रित म्हणून आलेल्या बायकोला (किंवा बायकोच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला) काम करता येत नाही. गल्ला हे काम आहे. सुट्टीत आलेला भाचा ताटं उचलतो तेही काम आहे. तिला बसवायचंच असेल तर तिचं परमिट, आणखी २० लाख, आणखी चार थाई माणसं. तक्रार बहुतेक वेळा शेजारच्या दुकानातून जाते, हेही लक्षात असू द्या.

कोणती कामं परदेशी माणसाला पूर्ण बंद आहेत?

२०२०च्या यादीत २७ कामांना सरसकट बंदी आहे. त्यातली आपल्या उपयोगाची सांगतो : वाहन चालवणं, फिरून विक्री करणं, सहल मार्गदर्शक, केस कापणं आणि ब्यूटी पार्लरचं काम, थाई मालिश, हिऱ्या-माणकांना पैलू पाडणं, कारकुनी आणि सेक्रेटरीचं काम, दलाली. मराठी पर्यटकांच्या टोळीला झेंडा धरून ग्रँड पॅलेस दाखवणारा आपला माणूस या यादीत अडकतो. टूर कंपनीत भागीदार व्हा, परमिटवर व्यवस्थापक व्हा, पण माहिती सांगायला लायसन्सवाला थाई गाइडच हवा. वडापावची फिरती गाडीही याच कारणाने विसरा. टपरी नको, गाळाच हवा.

आधी व्हिसा की आधी परमिट?

सरळ क्रम असा : कंपनी नोंदवा, भांडवल भरा, कर आणि सोशल सिक्युरिटीत नाव घाला, कंपनीतर्फे रोजगार विभागाकडून परमिटची पूर्वमंजुरी घ्या, ती जोडून भारतातून बिझनेस व्हिसा मागा (जानेवारी २०२५पासून अर्ज ऑनलाइन होतो), आत येऊन परमिट घ्या, मग ९० दिवसांच्या आत मुदतवाढ. पर्यटक म्हणून आत येऊन तिथेच व्हिसा बदलून घेता येतो, पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर आणि हातात उरलेल्या दिवसांवर अवलंबून. मुंबईत थायलंडचं वाणिज्य दूतावास आहे, शंका तिथेही विचारता येतात.

परमिटची एका वर्षाची फी ३,००० बाथ आणि अर्जाचे १००. पूर्वी निळी वही मिळायची, ऑक्टोबर २०२५पासून अर्ज आणि परमिट दोन्ही ऑनलाइन व्यवस्थेत गेले. डॉक्टरचा दाखला लागतो. त्यात कुष्ठरोग, क्षय, हत्तीपाय वगैरे नाहीत असं लिहिलेलं असतं. वाचून दचकू नका, सगळ्यांनाच तो लागतो.

मुदतवाढ झाल्यावर देशाबाहेर जाण्याआधी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यायला विसरू नका, एका वेळचा १,००० बाथ आणि कितीही वेळचा ३,८००. गणपतीला घाईघाईने घरी आलात आणि हा शिक्का नसेल, तर विमान सुटताच वर्षभराचा व्हिसा रद्द. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा तो वेगळाच.

थाई माणूस कामावर घेताना काय पाळावं लागतं?

१९९८चा कामगार संरक्षण कायदा, आणि तो कागदापुरता नाही. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. जादा तासांना दीडपट, सुट्टीच्या दिवशीच्या जादा तासांना तिप्पट. वर्षात किमान १३ सणाच्या सुट्ट्या, एक वर्ष झाल्यावर ६ दिवसांची भरपगारी रजा, आजारपणाचे ३० भरपगारी दिवस. बाळंतपणाची रजा डिसेंबर २०२५पासून १२० दिवस, त्यातल्या ६० दिवसांचा पगार मालकाने द्यायचा. कामावर घेतल्यापासून ३० दिवसांत सोशल सिक्युरिटीत नाव, त्याचे ५ टक्के आणि तुमचे ५ टक्के. दहा माणसं झाली की कामाचे नियम थाई भाषेत लिहून भिंतीवर लावावे लागतात.

‘डिपॉझिट’ म्हणून पगार अडकवून ठेवायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडा. रोख पैसे किंवा किमती माल हाताळणाऱ्यासारखी थोडीच कामं सोडली तर कर्मचाऱ्याकडून अनामत घेता येत नाही. फुटलेल्या बशीचे पैसे पगारातून परस्पर कापणंही तसंच.

दोन गोष्टी कायद्यात नाहीत. एक, १३ ते १५ एप्रिलचं सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. किचनमधल्या निम्म्या मुली ईशान्येकडच्या गावांहून आलेल्या असतात आणि त्या घरी जातातच. दिवाळीला तुम्ही दुकान उघडं ठेवू शकाल, सोंगक्रानला माणसंच नसतील. दुसरी, चारचौघांत ओरडणं. आपल्याकडे शेठ ओरडला तर पोरं दुपारपर्यंत विसरतात. तिथे दुसऱ्या दिवशी एप्रन खुंटीला टांगलेला असतो आणि माणूस गेलेला, आणि त्याच्याबरोबर तुमची चारची मोजणीही.

कुणाला काढून टाकायचं असेल तर?

नोटीस एका पगाराच्या मुदतीची, आणि नोकरी १२० दिवसांची झाली असेल तर भरपाई. एक वर्षाच्या आत ३० दिवसांचा पगार, एक ते तीन वर्षं ९० दिवस, तीन ते सहा वर्षं १८० दिवस, आणि पुढे चढत २० वर्षांवर ४०० दिवस. दोन वर्षं काम केलेल्या ४०० बाथवाल्याला काढलंत तर ३६,००० बाथ. नव्या माणसाच्या प्रोबेशनचा काळ सगळीकडे ११९ दिवसांचा का असतो, ते आता कळलं असेल. चोरी, कारणाशिवाय सलग तीन दिवस गैरहजेरी अशा कारणांसाठी भरपाई द्यावी लागत नाही, पण कारण कागदावर लिहून द्यायला हवं.

चारातला एक सोडून गेला तर लगेच व्हिसा जातो का?

लगेच नाही. पण तपासणी आली किंवा मुदतवाढीची वेळ आली आणि तीनच सापडले तर अडचण. ज्यांना परवडतं ते पाचवा माणूस ठेवतात. खानावळीत माणसं येत-जात राहतात, त्यामुळे चारच्या नियमासाठी बजेट पाचाचं धरा.

दर महिन्याला काय काय भरायचं?

पगारावर कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, सोशल सिक्युरिटी आणि व्हॅट १५ पर्यंत. व्हॅट ७ टक्के आहे. वर्षाला १८ लाख बाथ उलाढालीनंतर नोंदणी सक्तीची होते, पण परदेशी माणसाचा व्हिसा वाढवायचा तर आधीपासूनच नोंदलेलं बरं. वर्षाअखेर थाई ऑडिटरने तपासलेला ताळेबंद. छोट्या कंपनीला नफ्यातल्या पहिल्या ३ लाखांवर कर नाही, ३० लाखांपर्यंत १५ टक्के, पुढे २० टक्के. हिशेबनीस थाईच ठेवा, हे काम गुगल भाषांतरावर होत नाही.

जागा २०० चौरस मीटरहून मोठी असेल तर स्थानिक कचेरीचं लायसन्स, लहान असेल तर सूचना देऊन दाखला घ्यायचा.

जोडीदार थाई असेल तर?

बरंच सोपं. परमिटमागे भांडवल १० लाख धरतात आणि लग्नाच्या आधारावर व्हिसा वाढवला तर चार माणसांची मोजणी नाही. त्याऐवजी महिना ४०,००० उत्पन्न किंवा बँकेत ४ लाख बाथ दाखवायचे.

बीओआय ही काय भानगड आहे?

थायलंडचं गुंतवणूक मंडळ. त्याची मान्यता मिळालेल्या कंपनीला पूर्ण परदेशी मालकी आणि चारच्या नियमातून सुटका मिळते. ते सॉफ्टवेअर, उत्पादन, व्यापार साहाय्य अशा ठरावीक क्षेत्रांना मान्यता देतात. खानावळ आणि किराणा त्यात बसत नाहीत. सॉफ्टवेअरवाल्या मुलांनी मात्र आधी इथेच विचारावं, मंडळाचं कार्यालय मुंबईतही आहे.

डीटीव्ही व्हिसा घेऊन तिथून धंदा केला तर?

जुलै २०२४ला सुरू झालेला हा पाच वर्षांचा व्हिसा परदेशातल्या कामासाठी आहे. पुण्यातल्या कंपनीचं काम चियांग माईच्या कॅफेत बसून करा, हरकत नाही. थाई गिऱ्हाइकाला माल विकायला तो चालत नाही.

भारतातून पैसे कसे न्यायचे?

हवाल्याने नाही, आणि मित्राच्या खात्यातूनही नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि परदेशी कंपनीचे भाग घेणं त्यातच मोजलं जातं. २०२२च्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांप्रमाणे पैसे पाठवण्याआधी बँकेत ‘फॉर्म एफसी’ भरून ओळख क्रमांक घ्यावा लागतो, नंतर भागांचे कागद जमा करायचे आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा अहवाल. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात हे धरून चाला.

४९ टक्क्यांची दुसरी गाठ इथे बसते. भांडवल २० लाख असेल तर तुमचे भाग ९ लाख ८० हजारांचे. तेवढेच पैसे तुम्ही भागांपोटी पाठवू शकता. उरलेले १० लाख २० हजार थाई भागीदाराने घालायचे. ते तुम्हीच पाठवले तर तिकडे नॉमिनीचा गुन्हा आणि इकडे फेमाचा (परकीय चलनाच्या भारतीय कायद्याचा) घोळ, एकाच झटक्यात. ‘कर्ज म्हणून देतो’ हा उपायही सीएला विचारल्याशिवाय करू नका, कर्ज देण्याची मुभा भारतीय कंपनीला आहे तशी व्यक्तीला नाही.

कागदांवर साल भलतंच का असतं?

थाई साल आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे. २०२५ म्हणजे २५६८. शालिवाहन शक ७८ने मागे, हे ५४३ने पुढे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. परमिट २५७०पर्यंत आहे म्हणून निर्धास्त झोपू नका, ते २०२७ आहे.

धंदा चालला नाही आणि परत यायचं ठरवलं तर?

गाळ्याला कुलूप लावून विमान पकडू नका. कर्मचाऱ्यांची भरपाई द्या, रोजगार विभागाला कळवून परमिट रद्द करा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी व्हिसाची मुदतवाढही संपते. आवराआवरीसाठी १,९०० बाथ भरून सात दिवस मागता येतात. त्याहून जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड, कमाल २०,०००. कंपनी मात्र आपोआप मरत नाही. ठराव करून १४ दिवसांत विसर्जनाची नोंद, देणेकऱ्यांना सूचना, व्हॅटची नोंदणी रद्द, शेवटचा ताळेबंद, हे सगळं हिशेबनीसाकडून करून घ्यायला काही महिने जातात. ते होईपर्यंत बंद पडलेल्या कंपनीचाही ताळेबंद दरवर्षी भरावा लागतो, आणि तो चुकला तर दंडाची नोटीस संचालक म्हणून तुमच्याच नावाने निघते.